डीआयआरमधला हमाल : आणीबाणीतल्या एका अटकेचं प्रकरण

पुण्याच्या भुसार बाजारात पोती वाहणारा एक तरुण हमाल १९७५च्या हिवाळ्यात मंडईजवळ सत्याग्रह करताना पकडला गेला आणि त्याची रवानगी येरवड्याला झाली. २०१८ साली राज्य सरकारने आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्यांना दरमहा मानधन जाहीर केलं, तेव्हा साठी ओलांडलेल्या या माणसाने अर्ज केला. छाननीनंतर अर्जावर एका ओळीचा शेरा आला : कारावासाचा कालावधी सिद्ध होत नाही. हे प्रकरण त्या शेऱ्याचं आहे, आणि तो शेरा हटवताना आणखी काय काय वर आलं त्याचं.

त्यांना इथे तात्या म्हणतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, कागदांचा क्रम मात्र बदललेला नाही. ‘आम्ही’ म्हणजे नागरी हक्कांच्या कामात वेगवेगळ्या वाटांनी आलेली काही माणसं : एक वकील, दोन निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेल्या एक ताई आणि माहिती अधिकाराचे अर्ज लिहिण्यात हातखंडा असलेला एक तरुण. नोंदणीकृत संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. बैठक कुणाच्या तरी घरी, चहा त्या घरचा.

मिसावाले आणि डीआयआरवाले

२५ जून १९७५च्या रात्री देशांतर्गत अशांततेचं कारण देऊन आणीबाणी जाहीर झाली आणि २१ मार्च १९७७ला उठली. या काळातल्या अटकांबद्दल बोलताना आपल्याकडे सरसकट ‘मिसाबंदी’ म्हणतात. प्रत्यक्षात दोन वेगळ्या कायद्यांखाली माणसं आत गेली. मिसा म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायदा : आरोप नाही, खटला नाही, थेट स्थानबद्धता. डीआयआर म्हणजे भारत संरक्षण व अंतर्गत सुरक्षा नियम : घोषणा दिल्या, पत्रकं वाटली, बंदी मोडून जमलात, की गुन्हा दाखल, दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं आणि कोठडी. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने देशभरची बेरीज दिली आहे : मिसाखाली ३४,९८८ आणि डीआयआरखाली ७५,८१८. म्हणजे डीआयआरवाले दुपटीहून जास्त.

हा फरक त्या वेळी जामिनाचा आणि मुदतीचा होता. आज तो कागदाचा झाला आहे. मिसाची स्थानबद्धता आदेशाने व्हायची. आदेशावर अधिकाऱ्याची सही, प्रत शासनाकडे, मुदतवाढीचा पुन्हा आदेश. एकेका माणसामागे फाइल तयार होत गेली आणि ती मंत्रालयापर्यंत पोचली. डीआयआरचा सत्याग्रही कागदोपत्री साधा आरोपी होता. त्याची नोंद पोलीस ठाण्याच्या डायरीत, दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात आणि तुरुंगाच्या प्रवेश नोंदवहीत. पाकीटमाराची आणि त्याची नोंद एकाच वहीत, एकाच शाईत.

तात्या डीआयआरवाले. तेव्हा भुसार बाजार नाना-भवानी पेठेत होता. मुळशी खोऱ्यातून आलेला, जेमतेम सही करणारा बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा दिवसा हमाली करायचा आणि रात्री गाळ्याच्या फळीवर झोपायचा. विरोधी पक्षांच्या लोकसंघर्ष समितीने १४ नोव्हेंबर १९७५पासून देशभर सत्याग्रह सुरू केला. पाच-दहा जणांची तुकडी गर्दीच्या ठिकाणी अचानक उभी राहायची, घोषणा द्यायची, पत्रकं उधळायची आणि पोलीस येईपर्यंत तिथेच थांबायची. तात्यांना या तुकडीत कुणी आणलं, हे ते आजही नीट सांगत नाहीत. “एवढं कळत हुतं की बोलाय बंदी हाय. ते काय पटलं न्हाई,” एवढंच म्हणतात. मला हे उत्तर पुरेसं वाटतं.

येरवड्यात त्या काळी कोण कोण होतं याची यादी अनेकांना पाठ आहे. सरसंघचालक बाळासाहेब देवरस होते. हमाल पंचायतीचे बाबा आढाव होते. महिलांच्या तुरुंगात प्रमिला दंडवते होत्या. त्यांचे पती मधु दंडवते बंगळूरच्या तुरुंगात, आणि दोघांचा पत्रव्यवहार दोन तुरुंगांच्या तपासणीतून पार होत चालायचा. संघ आणि जमाते इस्लामी या दोन्ही संघटनांवर जुलै १९७५मध्ये एकदमच बंदी आली होती. त्यामुळे बाहेर एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं आत एका पंगतीत जेवत होती. या सगळ्यांच्या आठवणी छापून आल्या, त्यावर भाषणं झाली. त्यांच्याबरोबर आत असलेल्या हमालाबद्दल कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत, कारण तो कुणाचा पुढारी नव्हता.

मानधन घ्यावं का?

जुलै २०१८च्या शासन निर्णयानुसार एक महिन्यापेक्षा जास्त काळ तुरुंगात असलेल्यांना दरमहा १०,००० रुपये आणि त्याहून कमी काळ असलेल्यांना ५,००० रुपये ठरले. त्यांच्या पश्चात जोडीदाराला त्याच्या निम्मे. म्हणून ‘कालावधी’ हा शब्द इतका महत्त्वाचा. एक महिना ही रेषा तात्यांच्या बाबतीत निर्णायक होती, आणि ती ओलांडल्याचा कागद त्यांच्याकडे नव्हता.

आमच्यातच आधी वाद झाला. निवृत्त शिक्षकांपैकी एकजण स्वतः आणीबाणीत आत होते. ते म्हणाले, “आम्ही पेन्शनीसाठी तुरुंगात गेलो नव्हतो. मी अर्ज केला नाही, दुसऱ्याला करायला मदतही करणार नाही.” समाजवादी घरांमध्ये ही भूमिका बऱ्याच जणांनी घेतली आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ज्याला निवृत्तिवेतन आहे त्याने मानधन नाकारणं आणि ज्याची पाठ पोत्यांनी वाकली आहे त्याने ते मागणं, या दोन गोष्टींचं वजन एका तराजूत होत नाही. दुसरा मुद्दा मला त्याहून मोठा वाटतो. सरकारने एकदा सन्मानाची यादी करायला घेतली, की पुढे तीच आणीबाणी सोसलेल्यांची अधिकृत यादी ठरते. उद्याचा अभ्यासक तीच उघडणार. तिच्यात हमाल नसेल, तर आणीबाणीला विरोध फक्त शिकलेल्यांनी आणि पक्षवाल्यांनी केला असं लिहिलं जाईल, आणि ते साफ खोटं असेल.

वकील ताईंनी वाद मिटवला. त्या म्हणाल्या, मानधनाचं तात्या ठरवतील, आपण शेऱ्याचं बघू. एका नागरिकाला राज्याने कोंडलं आणि आता राज्यच त्याला विचारतंय, कशावरून? याचं उत्तर देण्याची जबाबदारी कोंडणाऱ्याची आहे. नकार देणारे शिक्षक सर शेवटपर्यंत अर्जाच्या कामापासून दूर राहिले, पण पुढे प्रतिज्ञापत्राच्या वेळी तेच उपयोगी पडले. ते पुढे येईलच.

निंदणीकरण

सरकारी दप्तराचे वर्ग असतात. ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवायचे, ‘ब’ वर्गाचे तीस वर्षं, ‘क’चे त्याहून कमी आणि ‘ड’चे एक वर्ष. मुदत संपली की ते बाजूला काढून नष्ट करायचे. याला कार्यालयीन भाषेत निंदणीकरण म्हणतात, आणि हे सगळं नियमानुसार चालतं. डीआयआरच्या अटकेचा कागद कुणी ‘अ’ वर्गात घातला नाही. कोण घालणार होतं? ठाणे अंमलदाराच्या लेखी तो किरकोळ गुन्हा होता.

माहिती अधिकारात आम्ही तीन दिशांना अर्ज केले. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दोन परिच्छेदांचा मजकूर आणि ‘अभिलेख नष्ट केला असल्यास नष्ट केल्याच्या नोंदीची प्रमाणित प्रत द्यावी’ हे एक वाक्य. हे वाक्य तरुण सहकाऱ्याच्या अनुभवातून आलेलं, आणि असं काम करणाऱ्या प्रत्येकाने ते पाठ करावं. त्याशिवाय ‘आढळून येत नाही’ एवढ्यावर फाइल बंद होते. हरवलेला कागद आणि नियमाने नष्ट केलेला कागद यांत कायद्याने मोठा फरक आहे. नष्ट केल्याची नोंद मिळाली, की कागद कधीकाळी अस्तित्वात होता हे तरी सिद्ध होतं.

पोलिसांकडून आणि न्यायालयाकडून ‘मुदतीनंतर नष्ट’ अशी उत्तरं आली. तिसरी दिशा तुरुंगाच्या नोंदवहीची. पहिल्या अपिलानंतर तिच्या एका पानाची छायाप्रत हाती आली. डिसेंबर १९७५च्या पहिल्या आठवड्यातली एक ओळ : तात्यांचं नाव, वडिलांचं नाव, वय, गाव, कलम. नाव किंचित चुकलेलं, पण वडिलांचं नाव आणि गाव बरोबर. सुटकेच्या तारखेचा रकाना मात्र वाचता येत नव्हता. पानाची उजवी कड ओल लागून विटलेली होती आणि शाई पसरून नुसता निळसर डाग उरला होता.

म्हणजे तात्या आत गेले हे सिद्ध झालं. बाहेर कधी आले हे सिद्ध होत नव्हतं. कार्यालयाचा शेरा या अर्थाने नियमाला धरून होता, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडणं अवघड होतं.

याच पुण्यात पेशवे दफ्तर आहे. अठराव्या शतकातल्या बैलाच्या दाण्याचा हिशेबही मोडीत लिहिलेला आणि रुमालात बांधलेला इथे सापडतो, आणि जगभरचे अभ्यासक तो बघायला येतात. त्याच शहरात १९७५ साली पकडलेला माणूस कधी सुटला हे सांगणारा सरकारी कागद मिळत नाही. मला याचा राग येतो. कागद टिकवता येत नाहीत असं नाही. कोणाचे टिकवायचे हे ठरलेलं असतं.

पोस्टकार्ड

तात्यांची थोरली बहीण मुळशीत दिलेली. तिच्याकडे आईची पत्र्याची पेटी होती. तिच्यात सातबाराचे उतारे, देवीची लस टोचल्याचा दाखला, तात्यांच्या वडिलांचा अंगठा असलेली सावकाराची चिठ्ठी, आणि एक पोस्टकार्ड.

कार्ड पिवळं पडलेलं, मधोमध घडीची रेघ. अक्षर टपोरं आणि वळणदार. ते तात्यांचं नव्हतं हे उघड होतं, कारण तात्यांना तेव्हा लिहिता येत नव्हतं. बराकीतल्या एका कॉलेजच्या मुलाने ते लिहून दिलं होतं. मजकूर असा : ‘ति. आईस शि. सा. न. माझी काळजी करू नये. येथे दोन वेळ भाकरी मिळते. भात झोडून झाले का ते कळवावे. खोंडाला पायाला लागले होते ते बरे झाले का. संक्रांतीला सर्वांनी तिळगूळ वाटला, मलाही मिळाला. सुटल्यावर आधी गावी येतो, मग कामावर जातो.’ कडेला तुरुंगाचा तपासणीचा गोल शिक्का आणि त्यावर आखूड सही. पत्त्याच्या बाजूला पोस्टाचा शिक्का.

वकील ताईंनी ते भिंगाखाली धरलं. पोस्टाच्या शिक्क्यात महिना आणि वर्ष स्पष्ट : जानेवारी १९७६. दिवसाच्या जागी नुसता काळा ठिपका. दिवस महत्त्वाचा होता, कारण कार्ड जानेवारीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतलं असेल, तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून महिना भरत नव्हता. तो दिवस तिळगुळाने मिळाला. संक्रांत चौदा जानेवारीची, आणि पत्रात तिळगूळ वाटून झालेला आहे. म्हणजे पत्र चौदानंतरचं. महिना भरून वर दिवस उरले.

इथे कार्यालयाने रास्त शंका काढली. दोन तारखांना माणूस आत होता म्हणजे मधल्या काळातही होता असं नाही. जामिनावर सुटून पुन्हा पकडला गेला असेल तर? डीआयआरमध्ये असं झालेलंही आहे. यावर वकील ताईंनी नोंदवहीची पुढची पानं मागितली, इतर कैद्यांची नावं झाकून. दुसऱ्यांदा आत आला असता तर दुसऱ्यांदा प्रवेशाची नोंद झाली असती. पहिल्या नोंदीपासून जानेवारी अखेरपर्यंतच्या पानांवर त्या वडिलांच्या नावाची आणि त्या गावाची दुसरी ओळ नव्हती. नसलेल्या नोंदीने काम केलं.

उरलं अक्षर. आमच्या शिक्षक सरांनी कार्ड हातात घेतलं आणि म्हणाले, हे अक्षर मी पाहिलंय. ते दुसऱ्या बराकीत होते, पण तुरुंगातल्या हस्तलिखित अंकात या मुलाने लिहिलेलं त्यांना आठवत होतं. तो मुलगा आता कोथरूडला राहणारा निवृत्त अभियंता. तेव्हा शाखेत जाणारा, आजही विचाराने तिकडचाच. सर आयुष्यभर समाजवादी वळणाच्या सेवा दलाचे. दोघांचं राजकारण कधी जुळलं नाही आणि पुढे जुळेल असंही दिसत नाही. पण शपथेवर दोघांनी एकच गोष्ट सांगितली : हा हमाल आमच्याबरोबर आत होता. अभियंत्यांनी प्रतिज्ञापत्राला स्वतःच्या जुन्या वहीतलं एक पान जोडलं, अक्षर ताडून बघता यावं म्हणून. त्या दिवशी नोटरीच्या टेबलापाशी तात्या त्यांना म्हणाले, “साहेब, तुमी लिवलेलं पत्र आईनं धा जणांकडनं वाचून घेतलं.” अभियंते बराच वेळ काही बोलले नाहीत.

अर्ज वरच्या दराने मंजूर झाला.

दिलेलं आणि काढून घेतलेलं

इथे प्रकरण संपलं असतं. पण जुलै २०२०मध्ये राज्यात वेगळं सरकार होतं. करोनाकाळात महसूल आटल्याचं कारण देऊन ही योजना बंद करण्यात आली. जुलै २०२२मध्ये पुन्हा सरकार बदललं आणि योजना पुन्हा सुरू झाली. २०२५मध्ये, आणीबाणीला पन्नास वर्षं झाली तेव्हा, रक्कम दुप्पट करण्यात आली. तात्यांना मधली दोन वर्षं काही कळायचं नाही. बँकेत जाऊन पासबुक भरून घ्यायचे आणि परत यायचे.

कुठल्या सरकारने चांगलं केलं आणि कुठल्याने वाईट, हा हिशेब इथे मांडत बसत नाही. मुद्दा असा, की हे सगळं शासन निर्णयाने चाललं. एका सहीने आलं, एका सहीने गेलं. हक्क असता तर दाद मागता आली असती. सन्मान म्हणून दिलं की देणारा मर्जीचा धनी होतो, आणि घेणाऱ्याने दर निवडणुकीला जीव मुठीत धरून बसायचं. राजकीय उलथापालथीनंतर न्याय द्यायचा, तर तो पुढच्या उलथापालथीत टिकला पाहिजे, ही माझ्या लेखी किमान अट आहे. या योजनेने ती पाळली नाही.

मावशींचा दाखला

प्रतिज्ञापत्राचा मसुदा वाचायला आम्ही तात्यांच्या घरी बसलो होतो, तेव्हा शेजारच्या मावशी दारात उभ्या होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, “ह्यांचं झालं ते बरंच झालं. आमच्या मालकांचं काय करता?”

त्यांचे पती एका सरकारी खात्यात शिपाई होते. १९७६ साली साहेबांनी सांगितलं, नसबंदीच्या शस्त्रक्रियेचा दाखला आणा, मग पगार. दोन महिने पगार अडला. घरात दोन मुली. तिसरं मूल हवं की नको, हे नवरा-बायकोचं ठरलेलंही नव्हतं. ते शिबिरात जाऊन आले. जखम चिघळली, महिनाभर अंगात ताप. ते पुढे पुष्कळ वर्षं जगले, पण या विषयावर घरात कधी बोलले नाहीत. मावशींनी दाखला जपून ठेवला होता. तो त्यांनी आणून दिला. छापील नमुन्यावर नाव, वय, अपत्यं आणि खाली एक ओळ : स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय. त्याखाली सही.

तात्यांच्या बाबतीत कागद नव्हता, म्हणून आम्ही धडपडलो. इथे कागद होता आणि तो खोटं बोलत होता. पहिल्या अडचणीवर भिंग, नोंदवही, अक्षर असे उपाय सापडले. दुसरीवर काय उपाय? ज्याची सही आहे तो गेला. ज्याने पगार अडवला त्याने तसा लेखी आदेश दिला असेल, तर तो नष्ट झाला असेल. तोंडी सांगितलं असेल, तर मुळातच नसेल.

हे एकट्या मावशींचं नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ८१ लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्याच्या आदल्या वर्षी त्या २६ लाखांच्या आसपास होत्या. शहा आयोगाच्या तिसऱ्या अहवालात शस्त्रक्रियेशी जोडलेले १,७७४ मृत्यू आणि अविवाहितांवर शस्त्रक्रिया झाल्याच्या ५४८ तक्रारी नोंदल्या आहेत. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ साली तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. आणीबाणीच्या आठवणींच्या आपल्या सभांमध्ये या विधेयकाचा उल्लेख मी क्वचितच ऐकला आहे. तुरुंगात गेलेल्यांची गोष्ट सांगायला अभिमान वाटतो. शिबिरात नेलेल्यांची गोष्ट सांगताना माणसं खाली बघतात. मानधनाची योजना राजकीय किंवा सामाजिक कारणासाठी तुरुंगवास भोगलेल्यांची आहे. ज्याच्या शरीरावर राज्याने हात टाकला, त्याच्यासाठी तिच्यात रकानाच नाही.

आयोग, कायदा आणि राहून गेलेलं कलम

मावशींना उत्तर द्यायचं म्हणून आम्ही मागे गेलो : तेव्हा जबाबदारी कुणावर निश्चित झाली? माजी सरन्यायाधीश जे. सी. शहा यांचा आयोग मे १९७७मध्ये नेमला गेला आणि १९७८मध्ये मार्च, एप्रिल आणि ऑगस्ट असे तीन अहवाल आले. काम मोठं होतं. पण चौकशी आयोगाचा अहवाल म्हणजे निकाल नव्हे. आयोगापुढे दिलेली साक्ष त्या साक्षीदाराविरुद्ध खटल्यात वापरता येत नाही, म्हणजे पुढचं सगळं पुन्हा पहिल्यापासून उभं करावं लागतं. १९७९मध्ये विशेष न्यायालयांचा कायदा झाला, त्याच वर्षी जुलैमध्ये सरकार पडलं, जानेवारी १९८०मध्ये इंदिरा गांधी निवडून आल्या आणि खटले विरून गेले. अडीच-तीन वर्षांची खिडकी होती, ती बंद झाली.

कायद्याच्या बाजूने मात्र भरीव काही घडलं, आणि त्यात आपल्याकडच्या माणसांचा वाटा आहे. मूळचे सासवडचे, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे हे आणीबाणीतच, ऑक्टोबर १९७६मध्ये, जयप्रकाश नारायण यांच्याबरोबर नागरी स्वातंत्र्य आणि लोकशाही हक्कांसाठी संघटना उभी करत होते. तीच पुढे १९८०मध्ये पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज) झाली. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ला जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितलं होतं, की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला न्यायालयात दाद मागता येणार नाही. त्या चौघांत पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयात शिकलेले यशवंतराव चंद्रचूड होते. विरोधात एकटे ह. रा. खन्ना. पुढे ४४व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण काढून ‘सशस्त्र उठाव’ घातलं, मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला सक्तीचा केला आणि जगण्याचा हक्क आणीबाणीतही गोठवता येणार नाही अशी तरतूद केली. जबलपूरचा निकाल २०१७मध्ये खासगीपणाच्या खटल्यात रद्द ठरला, आणि तसं लिहिणाऱ्यांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. हा भाग आता बऱ्याच जणांना माहीत आहे.

माहीत नसतो तो पुढचा. त्याच घटनादुरुस्तीच्या तिसऱ्या कलमाने प्रतिबंधक स्थानबद्धतेवरही लगाम घातला होता. स्थानबद्धता योग्य आहे का हे तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या मताशिवाय कोंडून ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणली होती, आणि मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमायचं होतं. हे कलम संसदेने मंजूर केलं, पण ते लागू करण्याची अधिसूचना निघाली नाही. १९८१मध्ये ए. के. रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला विचारण्यात आलं, सरकारला ती काढायला सांगाल का? बहुमताने नाही म्हटलं. न्यायमूर्ती गुप्ता आणि न्यायमूर्ती तुळजापूरकर यांनी वेगळं मत दिलं. तेव्हापासून जवळपास प्रत्येक मोठा पक्ष दिल्लीच्या सत्तेत वाटेकरी होऊन गेला. आणीबाणीत तुरुंगात गेलेली माणसं मंत्री झाली. अधिसूचना नाही.

दर २५ जूनला हार-तुरे होतात, सत्कार होतात. तात्यांनाही एकदा शाल मिळाली, ती त्यांनी आनंदाने घेतली आणि थंडीत पांघरतात. सत्काराच्या व्यासपीठावरून एकाही वक्त्याने या कलमाचं नाव घेतल्याचं त्यांनी किंवा मी ऐकलेलं नाही. सत्कार करणाऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे, की पुढच्या वर्षी शाल द्या आणि त्याच सभेत अधिसूचनेचा ठरावही मांडा.

सध्याची स्थिती

तात्यांचं मानधन सुरू आहे. कार्डाची दोन्ही बाजूंची रंगीत प्रत काढून ठेवली आहे, मूळ कार्ड बहिणीकडेच आहे. ती ते कुणाला देणार नाही, आणि आम्हीही मागितलेलं नाही.

मावशींचं निवेदन वकील ताईंनी त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं. वाचून दाखवताना मावशींनी दोनच दुरुस्त्या सांगितल्या : ‘जबरदस्ती’च्या जागी ‘पगार अडवला’ लिहा, कारण तेच झालं होतं, आणि मालकांचं नाव पूर्ण लिहा. त्या वस्तीत विचारत गेल्यावर आणखी काही घरांनी दार उघडलं, काहींनी लावून घेतलं. लावून घेणाऱ्यांकडे पुन्हा जायचं नाही असं आम्ही ठरवलं आहे. ज्यांनी सांगितलं त्यांची निवेदनं नोटरी करून एका बासनात ठेवली आहेत. पैशाची मागणी त्यात नाही, ती कुणी केलीही नाही. मागणी दोन गोष्टींची आहे. १९७५ ते ७७मधल्या शस्त्रक्रिया शिबिरांच्या ज्या नोंदवह्या अजून कुठे शिल्लक असतील, त्या ‘अ’ वर्गात घालून त्यांचं निंदणीकरण थांबवावं. आणि ही निवेदनं पुराभिलेखात दाखल करून घ्यावीत, म्हणजे ‘स्वखुशीने’ लिहिलेल्या दाखल्याशेजारी दुसरा कागदही राहील.

कुठल्या नोंदवह्या शिल्लक आहेत हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज ज्या कार्यालयात दिला, त्याने तो कलम ६(३)खाली दुसऱ्या खात्याकडे वर्ग केला. दुसऱ्या खात्याने पुन्हा पहिल्याकडे बोट दाखवलं. पहिलं अपील दाखल झालं आहे, सुनावणीची नोटीस आली आहे, आणि मावशी स्वतः येणार म्हणतात.